पंचेचाळिशीत चेहऱ्यावर पुटकुळ्या: ‘काय लावू’च्या आधीचा प्रश्न

चाळिशी उलटली, चष्मा लागला, पोरं कॉलेजात गेली, आणि आता हे काय नवीन? मुरुम तर दहावी-बारावीत यायचे. तेव्हा आले नाहीत, मग आत्ताच हनुवटीवर, गालांवर, नाकाच्या बाजूला एकाएकी हे काय उठलं?

या प्रश्नाला सोलापुरात उत्तरांची कधी टंचाई नसते. सासूबाई म्हणतात उष्णता झालीय, सब्जा घे. शेजारच्या काकू मुलतानी माती सुचवतात. जाऊबाई पर्समधली अर्धी संपलेली ट्यूब काढून देतात. मेडिकलच्या काउंटरवर तोंडाकडे एक नजर टाकून “ही लावा अक्का, चार दिवसांत जातंय बघा” म्हणत एक मलम पुढे सरकवलं जातं. चार दिवसांत ते खरोखर जातंही. मग पंधरवड्याने परत येतं, पहिल्यापेक्षा जास्त.

सल्ला देणाऱ्या सगळ्यांनी एक पायरी गाळलेली असते. काय लावायचं ते प्रत्येकाला ठाऊक असतं, पण झालंय काय हे कुणीच विचारलेलं नसतं. चेहऱ्यावर लाल पुटकुळ्या उठवणारी किमान आठ-दहा दुखणी आहेत. लांबून ती सारखी दिसतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बिघडवतं. म्हणून आधी ओळख करून घेऊ, औषधांचं नंतर पाहू.

मुरुम म्हणजे नेमकं काय

चेहऱ्यावरच्या प्रत्येक सूक्ष्म केसाच्या मुळाशी तेल पाझरणारी एक ग्रंथी असते. ते तेल केसाच्या नळीतून वर येतं आणि कातडी मऊ ठेवतं. नळीच्या आतल्या भिंतीवरच्या मेलेल्या पेशी नीट गळून गेल्या नाहीत आणि तेलात चिकटून बसल्या, की तोंड बंद होतं. वरून उघडं राहिलं तर तेलाला हवा लागून काळं टोक दिसतं, झाकलेलं राहिलं तर पांढरा कण. आत साचलेल्या तेलावर त्वचेत एरवीही असणारे जिवाणू वाढतात, शरीर त्यांच्याशी भांडतं, आणि लाल, दुखरा फोड तयार होतो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काळे किंवा पांढरे कण ही मुरुमांची सही आहे. चेहऱ्यावर भरपूर लाल पुटकुळ्या आहेत, पण असा एकही कण कुठे नाही, तर ते मुरुम नसण्याची शक्यता बरीच आहे. दुसरी गोष्ट वेळेची. आज वर आलेल्या फोडाची सुरुवात आत कित्येक आठवडे आधी झालेली असते. त्यामुळे काल रात्रीच्या लग्नातल्या जेवणावर त्याचा आळ घेण्यात अर्थ नाही.

पण या वयात कशाला?

तेलग्रंथींना कामाला लावणारी संप्रेरकं (हॉर्मोन्स) म्हणजे अँड्रोजेन. त्यांना पुरुषी संप्रेरकं म्हणतात खरं, पण बायकांच्या शरीरातही ती आयुष्यभर तयार होतात, बीजकोशात आणि मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींत. इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्यांचा परिणाम काबूत ठेवतं. भारतात पाळी कायमची थांबण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे, आणि त्याच्या काही वर्षं आधीपासून इस्ट्रोजेन हेलकावे खात खाली येऊ लागतं. अँड्रोजेनही वयाबरोबर कमी होतात, पण हळूहळू.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना पुढचं चटकन कळेल. एका शेडमधले यंत्रमाग बंद झाले की शेजारच्या शेडचा खडखडाट एकदम अंगावर येतो. तो वाढलेला नसतो, त्याला झाकणारा आवाज गेलेला असतो. चाळिशीनंतरच्या चेहऱ्याचं बरंचसं असंच आहे. म्हणूनच रक्त तपासलं तर संप्रेरकांचे आकडे बहुतेकदा ‘नॉर्मल’ येतात आणि बाई वैतागते, की सगळं ठीक आहे तर मग हे काय?

अशा मुरुमांची जागा ठरलेली असते. हनुवटी, जबड्याची कड, कधी मानेचा वरचा भाग. फोड थोडे पण खोल, बोट लावलं तरी ठणकणारे, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात हमखास वाढणारे. विशीत एकही मुरुम आला नव्हता ही बाब इथे संरक्षण देत नाही. पंचविशीनंतर पहिल्यांदाच सुरू होणारे मुरुम डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचे आहेत आणि त्यात बायकांची संख्या जास्त असते.

मात्र मुरुमांबरोबर हनुवटीवर राठ केस भराभर वाढले, डोक्यावरचे विरळ झाले, आवाज घोगरा झाला, आणि हे सगळं काही महिन्यांतच घडलं, तर ‘वयाचं आहे’ म्हणून सोडू नये. बीजकोश किंवा ॲड्रिनलची तपासणी लागते. क्वचित होतं, पण होतं.

पुरुषांनी इथे सुटकेचा निःश्वास टाकायचं कारण नाही. चाळिशीत जिम सुरू करून व्हे प्रोटीनचे डबे रिचवणाऱ्यांना मुरुम येतात, आणि कुणी इंजेक्शनं ‘टोचून’ अंग कमावत असेल तर छाती-पाठही भरते. औषधांमुळेही असे फोड येतात: पोटात घेतलेली स्टिरॉइड, फिटची फेनिटॉइन, क्षयरोगातली आयसोनियाझिड, मनोविकारातलं लिथियम, कधीकधी ब-१२ ची मोठ्या मात्रेची इंजेक्शनं. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या ‘जडीबुटी’च्या बिनलेबली पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणंही आहेत. औषधाने आलेल्या पुटकुळ्या बहुधा एकाच वेळी, एकाच आकाराच्या उठतात. संशय आला तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. स्टिरॉइडची गोळी तर अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारावं.

‘मला काळे-पांढरे कण नाहीतच’

मग यादी पुढे सरकते. गाल आणि नाक वारंवार लाल होतात, गरम वाफ आल्यासारखे भाजतात, वर बारीक पुटकुळ्या, कधी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं: हे रोझेशियाचं चित्र. चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या सहज फुगण्याचा हा आजार बहुधा तिशीनंतर सुरू होतो. पुस्तकांत त्याचे फोटो गोऱ्यापान युरोपीय चेहऱ्यांचे असतात, त्यामुळे हा ‘आपल्याकडचा’ आजार नाही असा समज पसरला. आपल्याकडे तो होतो, पण सावळ्या त्वचेत लाली लपते आणि रुग्ण वर्षानुवर्षं मुरुमांची औषधं लावत बसतो. ऊन, उष्णता, कडक गरम चहा, तिखट आणि दारू यांनी तो भडकतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर ठाण मांडतो अशा गावात चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर काय गुदरत असेल, याचा अंदाज करावा. मुरुमांवरची झोंबणारी औषधं या चेहऱ्याला सोसत नाहीत. मेट्रोनिडॅझोल, आयव्हरमेक्टिन किंवा ॲझेलेइक ॲसिडची मलमं आणि लागल्यास डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या असा त्याचा वेगळा रस्ता आहे.

तोंडाभोवती, ओठाची कड मात्र सोडून, बारीक पुटकुळ्यांचं कडं उठलं असेल तर ते आणखी निराळं दुखणं. त्यामागे बहुतेकदा स्टिरॉइडचं मलम असतं.

भुवया, नाकाच्या कडेच्या घड्या आणि डोक्यात कोंडा, अशी तेलकट पिवळसर पापुद्र्यांची लाली असेल तर ती कोंड्याच्याच कुळातली. कडा ठळक, मधला भाग निवळत जाणारा आणि खाज सुटणारा चट्टा असेल तर गजकर्ण, म्हणजे बुरशी. घरात कुणाच्या जांघेत किंवा कमरेला खाज आहे का, ते लाजेखातर कुणी सांगत नाही. पण टॉवेल एकच असतो.

‘वीस वर्षं हाच डाय लावतेय, आत्ताच कसा बाधेल?’

बाधतो. ॲलर्जी ही पहिल्या दिवशीच व्हावी असा काही नियम नाही. शरीर एखाद्या रसायनाला वर्षानुवर्षं सोसतं आणि एक दिवस त्याला शत्रू ठरवतं. त्यानंतर प्रत्येक वेळी त्रास होतो, बहुधा वाढत्या क्रमाने. काळ्या डायमधलं आणि ‘काळी मेहंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतलं पीपीडी (पॅराफेनिलिनडायअमाइन) हे रसायन यात सर्वांत बदनाम आहे. डाय लावतो डोक्याला, पण उठतं कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर, आणि पापण्या सुजतात. तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. त्यामुळे रविवारचा डाय आणि मंगळवारचा चेहरा यांची सांगड घरात कुणी घालत नाही. चाळिशी हेच डाय सुरू करण्याचं वय, म्हणून ‘मध्यमवयात अचानक उठलं’ या तक्रारीत त्याला पहिल्या काही संशयितांत धरावं.

टिकलीचा गोंद, कुंकवातला रंग, चष्म्याच्या दांडीतलं निकेल यांचंही तेच. डाग टिकलीच्या आकाराचा असेल तर शोध तिथेच संपतो.

शेतावर जाणाऱ्यांसाठी एक वेगळं प्रकरण आहे. गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो. १९५०च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता बांधावर, रेल्वेच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर कुठेही दिसतं. त्याच्या परागांचे आणि वाळलेल्या पानांचे कण हवेतून त्वचेवर बसतात. पापण्या, चेहरा, मान, कोपराची घडी इथली कातडी लाल, जाड, खाजरी होते. रुग्ण बहुधा मध्यमवयीन शेतकरी पुरुष असतो. तो ‘उन्हाने झालंय’ म्हणतो. गवत हाताने उपटल्याचं सांगतच नाही, कारण त्याच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नसते.

ती ट्यूब

आता मुद्द्याचं बोलू. वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर एकच मलम चार दिवस गुण देतं. बुरशी असो, रोझेशिया असो, डायची ॲलर्जी असो की मुरुम. मग ते मलम चांगलंच म्हणायला हवं, असं कुणालाही वाटेल.

त्या मलमात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड दोन कामं करतं: रक्तवाहिन्या आकसवतं आणि त्या जागेवरची शरीराची लढाई थांबवतं. लाली, सूज, खाज ही सगळी त्या लढाईचीच चिन्हं आहेत. लढाई थांबली की चिन्हं नाहीशी होतात. चेहरा उजळही दिसतो, कारण रक्त कमी पोचतं आणि रंगद्रव्यही कमी बनतं. मूळ कारण मात्र जागेवरच असतं. बुरशी असेल तर तिला आता अडवणारं कुणी उरलेलं नाही. ती निवांत पसरते, तिच्या कडा पुसट होतात, आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं.

लावणं थांबवलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या उसळून फुगतात. चेहरा आग-आग होतो, पुटकुळ्यांचं पीक येतं. माणूस घाबरून परत ट्यूब लावतो आणि परत बरं वाटतं. असे महिने जातात. मग कातडी पातळ होते, गालांवर लाल बारीक रेषा दिसतात, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिलं आहे, ज्याचा अर्थ ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’.

हे किती पसरलेलं आहे? देशातल्या १२ केंद्रांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, म्हणजे जवळपास दर सातामागे एक. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने पाठपुरावा केला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमांना ‘शेड्यूल एच’ मध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई. त्याआधी लावायच्या औषधांना यातून सूट होती. आता कागदावर नियम आहे. काउंटरवर काय चालतं ते आपण सगळे पाहतो, आणि एकट्या मेडिकलवाल्यालाच दोष देऊन भागत नाही. दवाखान्याची फी आणि बुडणारा रोज वाचवायला गिऱ्हाईकच आधी त्याच्याकडे जातं.

ट्यूबवरचं मोठं नाव विसरा, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचा. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, फ्लुओसिनोलोन: यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल ही बुरशीविरुद्धची औषधं आहेत. अडचण अशी, की एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं, जिवाणूचं आणि स्टिरॉइड अशी तिन्ही औषधं भरून विकतात. कुठल्यातरी एकाने गुण येईल, हा त्यामागचा हिशेब.

वांगावर, म्हणजे गालांवरच्या तपकिरी डागांवर, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं तिहेरी मलम डॉक्टर देतात. क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ साली मांडलेल्या सूत्रावरून ते आलं. उपचार म्हणून ते ठीक आहे, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. आपल्याकडे तीच ट्यूब गोरं करणारी क्रीम म्हणून नणंद-भावजयांत फिरते. पाळीची धांदल सुरू झाल्यावर वांग येतं, वांगावर ट्यूब येते, ट्यूबमुळे पुटकुळ्या येतात, आणि बाई डॉक्टरला सांगते की ‘अचानक’ उठलं. ट्यूब औषध आहे हे तिला कधी कुणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे विचारलं तरी ती ‘काही लावत नाही’ म्हणते. खोटं बोलत नसते ती.

बरेच महिने लावत असाल तर एकदम थांबवल्यावर पहिले काही आठवडे फार वाईट जातात. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं. काही जणांना ते हळूहळू सोडवतात, काहींना एकदम थांबवून बाकी औषधांनी सांभाळतात. थांबवल्यावर भडकलं, म्हणजे ट्यूब गरजेची होती असा अर्थ काढू नये.

‘उष्णता झालीय, पोट साफ नाही, शेंगाचटणी बंद कर’

शेंगाचटणीवर अन्याय नको. तेलकट किंवा तिखट खाल्ल्याने मुरुम येतात याला भक्कम पुरावा नाही. तिखटाने रोझेशिया मात्र खरंच भडकू शकतो, म्हणजे परत प्रश्न तोच, की आहे काय. मुरुमांच्या बाबतीत आहाराचा जो संबंध दिसतो तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांशी: मैदा, साखर, गोड पेयं, बेकरीचा माल. काही अभ्यासांत दुधाशीही, विशेषतः साय काढलेल्या. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी या हिशेबात पावाच्या लादीपेक्षा कधीही बरी. आहार बदलून सगळं जाईल असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो जोडीला असतो.

रक्तातल्या साखरेवरून आठवलं. वरचेवर मोठे, पुवाळलेले गळू होत असतील तर मधुमेहाची तपासणी करून घ्यावी. चाळिशीनंतर ती तशीही व्हायला हवी.

‘घरगुती उपायांनी कुणाचं काय वाईट झालंय?’

बऱ्याचदा काहीच होत नाही, वाईटही नाही आणि चांगलंही. हळद चिमूटभर लावून कुणाचं बिघडत नाही. पण लिंबू जहाल आंबट असतं, त्याने कातडी भाजते आणि वर ऊन लागलं तर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. टूथपेस्टने फोड सुकल्यासारखा वाटतो आणि आजूबाजूची कातडी जळते. खोबरेल तेल कोरड्या हातापायांना उत्तम, पण मुरुमांच्या चेहऱ्यावर ते नळ्या बुजवण्याचंच काम करतं. केसांना चप्प तेल लावून झोपणाऱ्यांच्या कपाळावर बारीक कण उठतात, त्यामागेही तेच. डाळीच्या पिठाने खसाखसा घासल्याने मुरुम ‘निघत’ नाहीत, फक्त सोललेल्या जागी डाग राहतो.

वाट बघू नये अशा गोष्टी

चेहऱ्याच्या एकाच बाजूला, कपाळाच्या मध्यरेषेशी थांबणारे, पाण्याने भरलेले फोड आणि आधी दोन-तीन दिवस तिथे ठणका: ही नागीण. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून बसलेला असतो, तो बहुधा पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर जागा होतो. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, ही भीती खोटी आहे. विषाणू एका मज्जातंतूच्या हद्दीतच फिरतो. खरी भीती डोळ्याची. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. विषाणूविरुद्धच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वाधिक उपयोग होतो. गेरूचा लेप लावून मंत्र घालून घेण्यात नेमके तेच तीन दिवस जातात.

दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरलेली लाली, जी नाकाच्या कडेची घडी सोडते, उन्हात वाढते, आणि सोबत सांधेदुखी, तोंडात व्रण, केस गळणं, ताप असेल तर ल्युपसची तपासणी लागते. हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने शरीरावरच उलटण्याचा आजार आहे आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो.

कानाच्या पाळ्या जाड झाल्या, भुवया विरळ झाल्या, चेहऱ्यावर गाठी आल्या किंवा अंगावरच्या एखाद्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा झाला, तर कुष्ठरोग आहे का ते पाहावं लागतं. नाव ऐकून कुणी उठून जाऊ नये. सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी तो बरा होतो आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

डाय लावल्यावर डोळे मिटतील इतकी सूज, श्वासाला त्रास किंवा औषध सुरू केल्यावर अंगभर पुरळ आणि तोंड-डोळे सोलणं: यात चर्चा न करता दवाखाना.

बरं, मग करायचं काय

वरच्या धोक्यांपैकी काही नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे चेहऱ्यावरचं सगळं कमी करावं. (स्टिरॉइड खूप दिवस लावत असाल तर वर म्हटल्याप्रमाणे आधी डॉक्टर.) दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, बाहेर पडताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. स्क्रब, ब्लीच, फेशियल आणि डाय बंद. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट धुतला जात नाही आणि कातडी ताणते, तेव्हा वडीचा साबण चेहऱ्यापासून दूर ठेवलेलाच बरा. रोज एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. डॉक्टरकडे जाईपर्यंत उठलेलं बसतं आणि दाखवायला काही उरत नाही, ही तक्रार त्याने मिटते.

डॉक्टरकडे जाताना चेहऱ्याला आणि डोक्याला लावलेली प्रत्येक वस्तू पिशवीत घालून न्यावी, टिकलीच्या पाकिटासकट. पोटातली औषधंही. त्वचेच्या डॉक्टरांच्या पाटीवर एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल असं त्वचारोगातलं शिक्षण लिहिलेलं असतं, ते पाहावं. ‘स्किन क्लिनिक’ एवढ्या शब्दांवर जाऊ नये. खाजगी फी परवडत नसेल तर सिव्हिल आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं ते रुग्णालय, त्यामुळे तिथे त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळ मोडते, हे खरं.

मुरुमच निघाले तर साधारण अशी औषधं मिळतात. रात्री ॲडापॅलीनचं मलम, नळीतल्या पेशी चिकटू न देणारं. ते पूर्ण चेहऱ्याला पातळ लावायचं असतं, आलेल्या फोडावर थापायचं नसतं, आणि सुरुवातीला एक दिवसाआड. पहिल्या काही आठवड्यांत कातडी सुटते, कधी मुरुम वाढल्यासारखे वाटतात. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. आठ ते बारा आठवड्यांआधी निकाल मागू नये. गरोदरपणात ते वापरत नाहीत, आणि पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं धरून चालू नये. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड. जिवाणूंवर ते चांगलं चालतं, आणि २.५ टक्क्यांचं मलम जवळपास १० टक्क्यांइतकंच काम करतं, झोंबतं मात्र कमी. फक्त ते कापडाचा रंग खातं. चादरी-टॉवेलांचं गाव आपलं, तेव्हा रंगीत टॉवेल बाजूला ठेवून पांढरा घ्यावा, उशीचा अभ्राही पांढरा. घरातल्या नव्या चादरीवर फिकट डाग पडल्यावर होणारं भांडण कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

क्लिंडामायसिनसारखं प्रतिजैविकाचं मलम एकटंच लावू नये, जिवाणू त्याला सरावतात. ॲझेलेइक ॲसिड मुरुम आणि काळे डाग दोन्हींवर चालतं आणि गरोदरपणातही दिलं जातं. जबड्याकडच्या हट्टी मुरुमांवर स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी अँड्रोजेनचा परिणाम अडवते. मूळची ती रक्तदाबाची, म्हणून मेडिकलमधून नाव ऐकून ‘चुकीची गोळी दिली’ असं वाटायचं कारण नाही. आयसोट्रेटिनॉइन सर्वांत जोरकस. ती घेताना आणि थांबवल्यावर निदान महिनाभर गर्भ राहता कामा नये, कारण बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

हे किती दिवस चालणार?

फोड बसले तरी आपल्या सावळ्या त्वचेवर काळे डाग मागे राहतात. ते मुरुम नव्हेत, त्यांच्यावर मुरुमांचं औषध वाढवून उपयोग नाही. न खाजवता, न फोडता, ऊन टाळून राहिलं तर काही महिन्यांत फिके होतात. पाळीच्या उलथापालथीने आलेले मुरुम बऱ्याच जणींना पाळी थांबल्यावर सोडून जातात, काहींना साठीपर्यंत अधूनमधून भेट देतात. त्यामुळे चेहरा साफ झाल्यावर डॉक्टर सगळं बंद करत नाहीत. गोळ्या थांबवतात आणि ॲडापॅलीन आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवायला सांगतात.